घर विकताना दलाली कशी ठरवावी

पुण्या-मुंबईत जुना फ्लॅट विकायला काढला की एजंट पहिल्याच फोनवर सांगतो, "आमचे दोन टक्के." सूर असा की जणू सरकारी दरपत्रकच वाचून दाखवतोय. तसं दरपत्रक नाही. दलाली किती असावी हे कोणत्याही कायद्याने ठरवलेलं नाही. २०१६चा रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायदा एजंटाची नोंदणी आणि त्याची वागणूक यांबद्दल बोलतो, टक्क्यांबद्दल नाही. फेरविक्रीत एका बाजूकडून एक ते दोन टक्के ही रूढी आहे, आणि रूढी म्हटली की घासाघीस आलीच.

फक्त ती घासाघीस बहुतेक जण चुकीच्या जागी करतात. दोनाचे दीड करून घेतले की खूश होतात आणि टक्का कशावर, कधी द्यायचा, कोणत्या कामाबद्दल द्यायचा, हे सगळं मोघम ठेवतात. भांडण नंतर होतं ते या मोघमपणावरून.

आधी कागदावर आकडे मांडा

फ्लॅट ८० लाखांचा धरू. दोन टक्के म्हणजे १,६०,००० रुपये. एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर त्यावर १८ टक्के, म्हणजे आणखी २८,८००. एकूण १,८८,८००. एक टक्क्याने हाच हिशोब ८०,००० अधिक १४,४०० असा ९४,४०० वर येतो. म्हणजे एका टक्क्याच्या बोलण्यावर ९४,४०० रुपये अवलंबून आहेत. सोडून देण्याजोगी रक्कम नाही.

पण आता दुसरा हिशोब बघा. गिऱ्हाईक ८०ऐवजी ७७ लाखांवर अडून बसलं. तुमचे तीन लाख गेले. एक टक्क्यावर काम करणाऱ्या एजंटाचे गेले फक्त तीन हजार, आणि त्याला सौदा याच महिन्यात मिळाला. म्हणून तो म्हणणार, "घ्या हो साहेब, मार्केट थंड आहे, पार्टी चांगली आहे." यात लबाडी असेलच असं नाही, त्याच्या जागी कुणीही हेच करेल. पण दलालीची बोलणी करताना हे गणित डोक्यात हवं. टक्का कमी करून घेताना किंमत पडू देणारी व्यवस्था उभी केली, तर वाचवले त्याच्या तिप्पट घालवाल.

म्हणून एजंटाला फोन करण्याआधी आपल्या घराची खरी किंमत स्वतः काढा. पोर्टलवरचे आकडे मागणीचे असतात, सौद्याचे नव्हेत. सौद्याचे आकडे नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये मोफत दिसतात. तुमच्या स्वतःच्या करारासोबतचा इंडेक्स २, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, काढा. त्यावर गावाचं नाव आणि सर्व्हे किंवा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक असतो. शोधताना जिल्हा, तालुका, गाव आणि वर्ष निवडून तोच क्रमांक टाका. सोसायटीचं नाव टाकून काही हाती लागत नाही. जी यादी येईल त्यात आपल्या इमारतीतले गेल्या दीडेक वर्षातले दस्त उघडा आणि 'मोबदला' हा रकाना बघा. 'बाजारभाव' हा शेजारचा रकाना मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी आकडा आहे, त्याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. क्षेत्रफळ कार्पेट लिहिलंय की बिल्ट-अप, पार्किंग सोबत आहे का, हेही बघा. नाहीतर ६५० आणि ७८० चौरस फुटांची तुलना करून बसाल. तीन-चार दस्त मिळाले तरी पुरेत.

यातून दोन आकडे निघतात: मिळायला हरकत नाही अशी किंमत, आणि ज्याच्या खाली विकायचंच नाही असा तळ. तळाचा आकडा एजंटाला सांगू नका. "शेवटचं किती, मला तरी सांगा" असं तो आग्रहाने विचारेल. तो आकडा त्याच्या कानावर पडला की पुढची प्रत्येक ऑफर त्याच्याच आसपास घुटमळायला लागते.

बोलायची वेळ

चावी द्यायच्या आधी. फोटो काढू द्यायच्याही आधी. जाहिरात पोर्टलवर चढली, चार पार्ट्या येऊन गेल्या आणि मग दलालीचा विषय काढला, तर एजंटाच्या डोक्यात दोन टक्के पक्के बसलेले असतात. टोकन, म्हणजे विसार, आल्यावर काढला तर तो म्हणतो, "आता तर सौदा झाला, आता काय बोलायचं?" आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयाचा जिना. तिथे गिऱ्हाईक, बँकेचा माणूस, दोन साक्षीदार उभे असतात आणि कुणालाच तमाशा नको असतो. त्या वेळी मागेल तेवढं दिलं जातं.

किमान तीन एजंटांशी बोला, त्यातला एक तरी तुमच्याच परिसरात दुकान मांडून बसलेला असावा. प्रत्येकाला एकच विचारा: या सोसायटीत किंवा शेजारच्या इमारतीत गेल्या वर्षभरात तुम्ही कोणते फ्लॅट विकले? नावं नकोत, मजला आणि साधारण किंमत सांगा. खरा काम करणारा पटकन सांगतो, आणि तुम्ही ते ई-सर्चमध्ये पडताळू शकता. जो या प्रश्नावर गोलगोल फिरतो त्याच्याशी टक्क्यावर वेळ घालवू नका. अर्धा टक्का मागितला तरी तो महागच.

प्रत्यक्ष बोलणं साधारण असं होतं:

"मॅडम, दोन टक्के सगळीकडे फिक्स आहे."

"असू दे. घेणाऱ्याकडून किती घेता?"

"त्यांच्याकडूनही दोन."

"म्हणजे समोरची पार्टी तुमचीच असेल तर एका फ्लॅटमागे चार टक्के. मी एक देते. तरी तुमचे तीन होतात."

"आणि समोर दुसरा एजंट असला तर? मग मला एका साइडचीच मिळणार."

"तसं झालं तर दीड देते. लिहून ठेवू."

इथे दोन गोष्टी झाल्या. एक, दोन्ही बाजूंची दलाली हा विषय टेबलावर आला. तो आपण काढल्याशिवाय येत नाही. दोन, टक्का परिस्थितीला बांधला गेला. दोन्ही बाजू त्याच्याकडे असतील तर ८० लाखांच्या सौद्यात तुमचे ८० हजार आणि गिऱ्हाइकाचे १,६०,००० मिळून त्याला २,४०,००० सुटतात. एवढं मिळत असताना तो एका टक्क्यासाठी काम सोडून जात नाही.

फार ताणायचंही कारण नाही. पाव टक्क्यावर आणून ठेवलेला एजंट तोंडावर हो म्हणतो आणि तुमची चावी ड्रॉवरमध्ये टाकतो; गिऱ्हाईक आलं की आधी पूर्ण दलाली देणाऱ्याचा फ्लॅट दाखवतो. घर आठवडाभर कुणी बघायलाच आलं नाही की समजावं.

टक्क्याऐवजी टप्पा

किमतीचं आणि दलालीचं वैर मोडायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे टप्प्याची दलाली. उदाहरणार्थ: ७८ लाखांपर्यंत एक टक्का, त्यावर जी रक्कम मिळेल तिच्यावर दहा टक्के. सौदा ७७ लाखांत झाला तर एजंटाला ७७,०००. ८० लाखांत झाला तर ७८,००० अधिक २०,००० म्हणजे ९८,०००. ८२ लाखांत झाला तर १,१८,०००. आता गिऱ्हाईक तीन लाख कापायला निघालं की एजंटाचेही २१ हजार जातात, आणि तो तुमच्या बाजूने बोलायला लागतो. ८२ लाखांवर सरसकट दोन टक्के दिले असते तर १,६४,००० गेले असते. इथे त्याहून कमी देऊन त्याला जास्त जोर लावायला लावलात.

टप्प्याचा आकडा ठरवताना चूक होते ती दोन प्रकारची. आकडा फार वर ठेवला, समजा ८५, तर तिथवर पोहोचायची आशाच नसल्याने एजंट तो विसरून जातो. तळाच्या किमतीवर ठेवला तर त्याला तुमचा तळ कळतो आणि सहज मिळणाऱ्या पैशांतलाही दहावा हिस्सा तुम्ही देऊन टाकता. ई-सर्चमधल्या दस्तांवरून निघालेल्या किमतीच्या किंचित खाली, हा आकडा बरोबर बसतो.

याच्याच जवळपास दिसणारी पण पूर्ण वेगळी आणि धोक्याची पद्धत म्हणजे नेट रेट. "तुम्हाला हातात किती हवेत ते सांगा, वरचं माझं, दलाली शून्य." ऐकायला सोपं वाटतं. पण यात घेणाऱ्याला सांगितलेली किंमत तुम्हाला कळत नाही, करारात कोणता आकडा लिहायचा यावर वाद होतो, आणि फरकाची रक्कम रोखीत मागितली जाते. करारात पूर्ण आकडा लिहिला तर कर तुमच्या नावावर आणि पैसे त्याच्याकडे. नेट रेटला सरळ नाही म्हणा.

त्याचा भाऊबंद म्हणजे 'इन्व्हेस्टर पार्टी'. लाखभर टोकन, सहा महिन्यांची मुदत, आणि सामंजस्य करारात घेणाऱ्याच्या नावापुढे 'किंवा त्यांनी सुचवलेली व्यक्ती' असे शब्द. सहा महिने तुमचं घर अडकवून तो ते चढ्या भावाने दुसऱ्याला विकतो. जमलं नाही तर टोकन परत मागतो. ते शब्द खोडल्याशिवाय सही करू नका. एजंट स्वतः किंवा त्याचा माणूस तुम्हाला न सांगता घेणारा निघाला, तर १८७२च्या करार कायद्याचं कलम २१६ तुमच्या बाजूने आहे: त्याने त्यात मिळवलेला फायदा तुम्ही मागू शकता.

एकालाच द्यायचं की पाच जणांना

पाच एजंटांना दिलं की लवकर विकेल असं वाटतं. होतं असं की पोर्टलवर एकच हॉल पाच जाहिरातींत, पाच किमतींना दिसतो. घेणारा सगळ्यात कमी किंमत धरून बसतो आणि 'फारच घाई दिसते' असा अंदाज बांधतो. शिवाय पाचपैकी कुणीच खर्च करत नाही, कारण काम दुसऱ्याच्या हातून होण्याची शक्यता जास्त.

एकालाच, पण मुदतीने द्या: ४५ ते ६० दिवस. हीच तुमची टक्का कमी करायची सगळ्यात मोठी ताकद आहे. त्याच्या बदल्यात पाऊण ते एक टक्का, नीट फोटो, दोन पोर्टलवर जाहिरात आणि दर रविवारी संध्याकाळी किती जण आले, काय म्हणाले याचा निरोप, एवढं मागा. दुसऱ्या एजंटांची गिऱ्हाइकं त्याने आणायची, तुम्ही नाही. मुदत आपोआप वाढणार नाही, असं लिहून घ्या. आणि एक सूट ठेवा: सोसायटीतलं कुणी, नातेवाईक किंवा भाडेकरू यांनी घर घेतलं तर दलाली नाही. अशी नावं आधीच डोक्यात असतील तर यादीत लिहून द्या.

कागदावर काय असावं

चार पानी करार लागत नाही. एका पानावर दोघांच्या सह्या, आणि तेच व्हॉट्सॲपवर पाठवून त्याचा "ओके" घेतलेला. मजकूर असा चालतो:

"सदर फ्लॅटच्या विक्रीसाठी मी आपणांस दि. ... पासून ६० दिवसांसाठी नेमत आहे. दलाली नोंदणीकृत करारातील मोबदल्याच्या १ टक्का, जीएसटीसह. दुसऱ्या एजंटामार्फत घेणारा आल्यास १.५ टक्के, जीएसटीसह. त्या एजंटाचं देणं माझ्यावर नाही. याव्यतिरिक्त कोणताही खर्च देय नाही. दलाली करार नोंदणी झाल्यावर अर्धी व पूर्ण मोबदला मिळून ताबा दिल्यावर अर्धी. कोणत्याही कारणाने व्यवहार पूर्ण न झाल्यास दुसरा अर्धा भाग देय नाही. आपण दाखवलेल्या व मला लेखी कळवलेल्या व्यक्तीने मुदतीनंतर ६० दिवसांत घर घेतल्यास दलाली देय राहील."

यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणाच्या तरी भांडणातून आला आहे. 'जीएसटीसह' लिहिलं नाही तर शेवटी १८ टक्के वर चढतात. एजंट नोंदलेला नसेल तर त्याला जीएसटी लावताच येत नाही. क्रमांक मागा आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासा. 'करारातील मोबदल्याच्या' लिहिलं नाही तर फर्निचरचे वेगळे दोन लाख, सोसायटीची हस्तांतरणाची रक्कम, सगळ्यावर टक्का मोजला जातो. 'याव्यतिरिक्त खर्च नाही' हे वाक्य डॉक्युमेंटेशन चार्ज, फाइल चार्ज आणि 'सोसायटीत द्यावे लागतात' या नावाखालच्या रकमांसाठी. महापालिका हद्दीत सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि ते सोसायटीच्या खात्यात पावती घेऊन भरायचं असतं. एजंटाच्या हाती कधीच नाही.

दोन हप्त्यांची अट सगळ्यात महत्त्वाची. आपल्याकडे बहुतेक खरेदी गृहकर्जावर होते. आधी करार नोंदवला जातो, मग बँक कागद तपासते आणि काही आठवड्यांनी मोठी रक्कम तुमच्या खात्यात येते. या मधल्या काळातच सौदे फिसकटतात: मूल्यांकन कमी येतं, भोगवटा प्रमाणपत्र सापडत नाही, घेणाऱ्याची नोकरी बदलते. एजंटाने करार नोंदणीच्या दिवशीच पूर्ण दलाली घेतली असेल तर पुढे बँकेचे फोन घ्यायला तो नसतो. अर्धी बाकी असेल तर बँकेत, सोसायटीत, सगळीकडे तोच धावतो. पूर्ण रक्कम टोकनच्या दिवशी मागणाऱ्याला सांगा की करार कायद्याच्या कलम २१९ नुसार, वेगळं काही ठरलेलं नसेल तर काम पूर्ण होईपर्यंत एजंटाचा मोबदला देय होत नाही. 'काम पूर्ण' म्हणजे काय, यावर मात्र तो 'पार्टी आणली की झालं' म्हणेल आणि तुम्ही 'पैसे आले की झालं' म्हणाल. म्हणून ते लिहून ठेवायचं.

घेणारा कुणी आणला, हा दुसरा हमखास वाद. एकाच जोडप्याला दोन एजंट घर दाखवतात आणि दोघे दलाली मागतात. उपाय साधा आहे: प्रत्येक भेटीच्या आधी येणाऱ्याचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे एजंटाने व्हॉट्सॲपवर पाठवायचे. ज्याचा निरोप आधी, त्याचं गिऱ्हाईक. निरोप नाही तर दावा नाही.

एजंटाच्या हाती काय द्यायचं नाही

मूळ कागद. करारांची साखळी, शेअर सर्टिफिकेट, मालमत्ता कराच्या पावत्या, सगळ्याच्या झेरॉक्स द्या आणि प्रत्येक पानावर 'केवळ फ्लॅट विक्रीकरिता' असं तारखेसह आडवं लिहा. टोकनही त्याच्या खात्यात नाही. थेट तुमच्या खात्यात, बँकेतून. घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त विसार रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो. टोकन एजंटाकडे असलं की तो त्यातूनच दलाली वळती करून घेतो आणि उरलेलं देतो, मग बोलायला काही राहत नाही.

परदेशात राहणाऱ्यांना एजंट हमखास सुचवतो, "कुलमुखत्यारपत्र माझ्या नावाने करा, यायची गरज नाही." नको. घरच्या माणसाच्या नावाने करा, आणि त्यातही 'किंमत ठरवणे' व 'पैसे स्वीकारणे' हे अधिकार वगळता आले तर बघा. विकणारा अनिवासी असेल तर घेणाऱ्याला कापावा लागणारा टीडीएस वेगळा आणि बराच मोठा असतो. हे माहीत नसलेला एजंट टक्का कमी घेत असला तरी नको.

महारेराचा, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक जरूर विचारा. एजंटाचा क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो आणि संकेतस्थळावर तपासता येतो. पण नोंदणीची सक्ती महारेरात नोंदलेल्या प्रकल्पांतल्या विक्रीपुरती आहे. वीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या दलालीचा वाद तिथे सुटेल असं धरून चालू नका. वर लिहिलेला एक पानी कागद तुमच्या जास्त कामाचा.

बिल घ्यायचं की रोख देऊन टाकायचं

"बिल नको असेल तर जीएसटी वाचेल" ही शेवटची गळ. विक्रीसाठी दिलेली दलाली भांडवली नफा काढताना विक्रीच्या रकमेतून वजा करता येते, पण बिल आणि बँकेची नोंद असेल तरच. १२.५ टक्के दराने कर बसत असेल तर ९४,४०० रुपयांच्या बिलावर ११,८०० रुपये कर वाचतो, उपकर वेगळा. नफा दुसऱ्या घरात गुंतवून कर माफ होणार असेल तर हा फायदा नाही. तरी बिल घ्याच, कारण रोख दिल्याचा पुरावा उरत नाही आणि 'अजून अर्धी बाकी आहे' असं म्हणायला समोरचा मोकळा राहतो.

दुसरा हप्ता एनईएफटीने द्या आणि 'सदर व्यवहाराची दलाली पूर्ण व अंतिम मिळाली' अशी पावती सही-शिक्क्यासह घ्या. दिलेल्या चाव्या मोजून परत घ्या आणि पोर्टलवरच्या जाहिराती त्याच दिवशी काढायला लावा. त्या राहिल्या तर तुमचे फोटो दाखवून तो महिनोन्‌महिने गिऱ्हाइकं गोळा करतो आणि फोन तुम्हाला येत राहतात.